चिखल काढणारी माणसं

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुकानाच्या आतल्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालच्या रेघेशी '२६ जुलै २००५' असं लिहिलंय आणि वरच्या रेघेशी '२२ जुलै २०२१'. खालची अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टुलावर उभं राहून मारलेली. वरची धाकट्या भावाने शिडीवर चढून. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की आधी त्या रेघांकडे बघतं आणि मग वहीची किंमत विचारतं.

अशा रेघा चिपळुणात शेकड्यांनी सापडतील. पाणी कुठपर्यंत आलं याची नोंद आम्ही चोख ठेवतो. सरकारही ठेवतं, मिलिमीटरात आणि मीटरात. पण पाणी ओसरल्यावर दुकानातला गुडघाभर चिखल कोणी काढला, याची रेघ कुठे मारायची? ती कुणीच मारत नाही. मीही मारली नाही. २००५ साली आमचं दुकान ज्या पोरांनी धुऊन दिलं त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. ही गोष्ट इतकी वर्षं डोक्यात कुठेतरी टोचत होती, म्हणून आज लिहायला बसलोय.

ज्यांनी चिपळूण फक्त कोकण रेल्वेच्या खिडकीतून पाहिलंय, किंवा मुंबई-गोवा रस्त्यावर चहापुरतं पाहिलंय, त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. गाव वाडग्याच्या तळाशी वसलंय. एका अंगाला सह्याद्री, भोवताली टेकड्या आणि मधून वाशिष्ठी. ही नदी काही गंगा-गोदेसारखी लांबलचक नाही. घाटमाथ्याशी उगम पावते आणि सत्तरेक किलोमीटरांत दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. डोंगरात पडलेला पाऊस काही तासांत गावात. शिवाय गावातून शिवनदी वाहते, ती वेगळीच. आणि खालून गोवळकोटपर्यंत खाडीचं भरतीचं पाणी चढतं. म्हणजे वरून पाऊस, खालून भरती आणि मध्ये आम्ही.

मग असल्या ठिकाणी गाव वसवलंच कोणी, असं शहाणी माणसं विचारतात. उत्तर सोपं आहे. पाण्यानेच वसवलं. दाभोळच्या खाडीतून माल गोवळकोटच्या बंदरात यायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून देशावर जायचा. जिथे नाव थांबते आणि बैल निघतो तिथे बाजार भरणारच. आमची बाजारपेठ त्या बाजाराची पणती-खापरपणती. नदीपासून लांब, वर टेकडीवर जा म्हणणं सोपं असतं. पेठ अशी उचलून नेता येत नाही.

त्यात पुढे कोयना आली. पूर्वेकडे जाणारं कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. ते पोफळीच्या वीजघरातून कोळकेवाडीत आणि तिथून वाशिष्ठीत येतं. त्यामुळे आमची नदी उन्हाळ्यातही वाहते, याचं पाहुण्यांना कौतुक वाटतं. पावसाळ्यात मात्र वीजनिर्मितीचं पाणी कधी, किती सोडलं यावरून दर मोठ्या पुरानंतर वाद होतो. त्या वादात मी इथे शिरत नाही, तो एका लेखात मावणारा नाही.

आम्ही 'पूर आला' असं फारसं म्हणत नाही. 'पाणी भरलं' म्हणतो. कुणी पाहुणा आल्यासारखं. फूट-दीड फूट पाणी रस्त्यावर येणं हे पावसाळ्याचं नेहमीचं काम. त्याची सवय इतकी, की खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर आणि वरच्या फळीवरचा माळ्यावर, हे शिक्षण आम्हाला पाढ्यांबरोबरच मिळालं. ही सवयच २००५ साली नडली. नेहमीसारखं पाणी म्हणून अण्णांनी माल वरच्या फळीवर ठेवला आणि घरी येऊन जेवले. पाणी त्या फळीच्याही वर गेलं.

२६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. टीव्हीवर तेच दिसत होतं. महाडजवळ जुई, दासगाव इथे दरडींखाली माणसं गेली, त्याची बातमी मागून आली. चिपळूणची तर त्याहून मागून. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. घरचा फोन लागेना. पाचव्या दिवशी पोचलो तेव्हा बाजारपेठेत पहिल्यांदा जाणवला तो वास. भिजून आंबलेला तांदूळ, कुजलेले कांदे, रॉकेल आणि चिखल यांचा मिळून एक वास होतो. तो ज्याने घेतलाय त्याला वर्णन नको आणि ज्याने घेतला नाही त्याला वर्णन करून कळणार नाही.

दुकानाचं शटर उघडेना. आतून वह्या फुगून दाटल्या होत्या. जुलै महिना, शाळा नुकत्या सुरू झालेल्या, वर्षाचा सगळा माल भरलेला. अण्णा समोरच्या पायरीवर बसून होते. रडत नव्हते. 'उधारीची वही गेली रे,' एवढंच म्हणाले. माल गेल्याचं दुःख होतंच, पण कोण किती देणं लागतो हे सांगणारी वहीच गेली, आता कुणाकडे काय तोंडाने मागायचं, हे त्यांना जास्त लागलं होतं.

तेवढ्यात सात-आठ पोरं आली. गुहागरकडच्या कुठल्या तरी गावची. टेम्पोने आली होती, स्वतःची फावडी-घमेली घेऊन. त्यातला एक जण अण्णांना म्हणाला, 'काका, आधी काय काढू? वह्या का कपाट?' बस्स. 'तुमचं फार वाईट झालं' वगैरे काही नाही. अण्णा उठले. म्हणाले, 'मागनं सुरुवात करा. पुढनं काढलात तर मागचा चिखल परत पुढे येईल.' आणि माणूस एकदम पुन्हा दुकानदार झाला. 

मी तेव्हा ते नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ कळायला मला सोळा वर्षं लागली.

चिखलाचं एक शास्त्र आहे, ते सांगतो. पुराचा चिखल ओला आहे तोवर काढला तर निघतो. दोन दिवस कडक ऊन पडलं की तो फरशीला असा धरतो की कुदळ लागते. म्हणजे पाणी ओसरल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस महत्त्वाचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातली माणसं सुन्न होऊन बसलेली असतात. वीज नाही, नळाला पाणी नाही, प्यायला पाणी नाही. चिखल धुवायला पाणी लागतं, ही गंमतही तेव्हाच कळते. आजूबाजूला एवढं पाणी येऊन गेलं आणि बादलीत टाकायला नाही! अशा वेळी ज्याचं घर बुडालेलं नाही, असा माणूस लागतो. त्याच्या अंगात जास्त बळ असतं असं नाही. पण त्याला त्या कपाटाबद्दल, त्या वह्यांबद्दल माया नसते. तो उचलून बाहेर टाकू शकतो.

ही परंपरा आपल्याकडे काही नवी नाही. पोरं ज्या गुहागर तालुक्यातून आली होती, त्याच तालुक्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. नामदार गोखले म्हटलं की कौन्सिलातली अंदाजपत्रकावरची भाषणं आठवतात. पण १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, आणि त्या समाजाच्या माणसांनी पुढे दुष्काळात आणि पुरात गावोगाव जाऊन काम केलं. ठक्कर बाप्पा त्यातलेच. शिकलेल्या माणसाने पगारी नोकरी सोडून पूरग्रस्तांच्या यादीत नावं लिहीत हिंडायचं, ही कल्पनाच तेव्हा चमत्कारिक होती.

दुसरं उदाहरण गुजरातचं. जुलै १९२७ मध्ये तिथे प्रचंड पाऊस झाला आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. वल्लभभाई पटेल तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी स्वयंसेवकांची फळी उभी केली. धान्य, बियाणं, घरबांधणीचं सामान अशी सगळी व्यवस्था लावली. गांधीजी त्या वेळी आजारी, दक्षिणेत विश्रांती घेत होते. त्यांच्यावाचून हे काम झालं. आणि पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बारडोलीचा सत्याग्रह झाला. इतिहासाच्या पुस्तकात बारडोलीचा स्वतंत्र धडा असतो आणि पूर एका ओळीत उरकलेला असतो. मला मात्र वाटतं की हा धडा त्या ओळीतून सुरू होतो. गावोगाव हिंडून कुणाचं किती गेलं हे ज्याने लिहून घेतलं, त्याला सारा किती जड आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. त्याच्या चौकशीसाठी आयोग बसला, धरण का फुटलं याचा काथ्याकूट झाला. तो व्हायलाच हवा होता. पण नंतरच्या दिवसांत पेठांमधल्या वाड्यांचा गाळ उपसणाऱ्या हातांबद्दल वाचायचं म्हटलं तर कुणाच्या तरी आठवणींच्या पुस्तकात दोन परिच्छेद शोधावे लागतात. तिथेही 'काही तरुण आले' एवढंच.

असो. आता २०२१.

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, आणि बकरी ईद आदल्याच दिवशी झालेली. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती. २१ जुलैच्या रात्री पाऊस जो लागला तो थांबेना. पहाटे पाणी घरात शिरलं तेव्हा बरीच माणसं झोपेत होती. या वेळी ते २००५ च्या रेघेवर थांबलं नाही. कित्येक ठिकाणी तळमजला पूर्ण बुडून पाणी पहिल्या मजल्याला लागलं. मुंबई-गोवा रस्त्यावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. कोकण रेल्वे थांबली. एनडीआरएफच्या तुकड्या बोटी घेऊन आल्या, पण त्या येईपर्यंत ज्यांना काढलं ते गावातल्याच पोरांनी, मिळेल त्या होडीतून, ट्यूबवरून आणि दोरखंडावरून. शिवाय करोना होताच. माणसं जीव वाचवून शेजाऱ्याच्या गच्चीवर गेली आणि तिथे चाळीस जण दाटीवाटीने बसले. मास्क कुठला नि अंतर कुठलं.

मी मिळेल त्या वाटेने चौथ्या दिवशी पोचलो. या वेळी मी नुसता दुकानदाराचा मुलगा म्हणून गेलो नाही. पुण्यातले आम्ही अकरा जण होतो. जाण्याआधी भावाला फोन करून विचारलं, काय आणू? तो म्हणाला, 'कपडे आणू नका. कपड्यांचे ढीग पडलेत रस्त्यात. फावडी आणा, घमेली आणा, गमबूट आणा, ब्लीचिंग पावडर आणा आणि पाण्याचा दाब देणारं मशीन मिळालं तर बघा.' ही यादी मी जपून ठेवलीय. पुढे कुणाला पूरग्रस्तांना मदत पाठवायची असेल त्याने आधी फोन करावा. चांगल्या मनाने पाठवलेल्या जुन्या साड्या शेवटी डंपरमध्येच जातात, आणि त्या उचलायलाही माणूसच लागतो.

पोचल्यावर पहिलं भांडण झालं ते पंचनाम्यावरून. आम्ही उत्साहाने एका धान्य दुकानातली कुजलेली पोती उचलायला लागलो तर मालक आडवे आले. 'थांबा, पंचनामा व्हायचाय. माल दिसला नाही तर नुकसान कशावरून म्हणतील.' आमच्यातला एक जण चिडला, म्हणाला यांना स्वच्छता नकोच आहे. चूक आमची होती. त्या माणसाचं सगळं त्या पोत्यांत होतं, आणि ती कुजलेली असली तरी कागदावर यायला हवी होती. मग आम्ही ठरवलं, आधी फोटो. प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक पोत्याचा. आमच्यातली एक मुलगी नुसती मोबाईल घेऊन उभी राहायची आणि दुकानदार सांगेल ते वहीत लिहायची. दोन दिवसांनी तिलाच सगळीकडून बोलावणी यायला लागली. फावडं मारणारे पुष्कळ होते, लिहून घेणारी ती एकटी. १९२७ ची गोष्ट मला आठवली ती तिच्यामुळे.

त्या आठवड्यात कुठून कुठून माणसं आली! मोठ्या महापालिकांची सफाई पथकं आली. ती माणसं दिवसभर राबली आणि रात्री शाळेच्या वर्गात झोपली. कॉलेजची पोरं आली, भजनी मंडळं आली, मोटरसायकल क्लब आले. डॉक्टर मंडळी लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरत होती, आणि 'पायाला जखम आहे का, दाखवा' असं दरडावत होती. दुपारी आमच्या गल्लीत खिचडीचं पातेलं यायचं ते गोवळकोटच्या बाजूने. आणणारी पोरं त्यांच्या मोहल्ल्यातली. त्यांच्याही घरांत पाणी शिरलं होतं. मी एकाला विचारलं, तुमचं घर कोण साफ करतंय? तो म्हणाला, 'अम्मी करतीय. मला म्हणाली तू रस्त्यावरचं बघ.'

सगळं असं गोडच होतं असं मात्र नाही. काही जण फावडं हातात धरून फोटो काढून गेले. काही गाड्या मुख्य रस्त्यावरच रिकाम्या झाल्या. पाणी-बिस्किटांचे खोके तिथेच संपले आणि पेठमाप, शंकरवाडीसारख्या भागांत माणसं वाट बघत राहिली. ज्याचं दुकान रस्त्याला त्याला पाच वेळा मदत, आणि मागच्या आळीतल्या म्हातारीला एकदाही नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्ही मुख्य रस्ता सोडून आतच जायचं ठरवलं. तेही आम्हाला तिथल्याच एका रिक्षावाल्याने सुनावलं म्हणून.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८६४ साली स्थापन झालेलं हे वाचनालय. माझ्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिथला गारवा. २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं भिजून गेली. मग ते पुन्हा उभं राहिलं, इतकं की जानेवारी २०१३ मध्ये चिपळुणात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं त्याचं यजमानपद या वाचनालयाने पेललं. आणि २०२१ साली पुन्हा पाणी. भिजलेलं पुस्तक फार जड असतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. साधा कागद निदान सुटा होतो. गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुस्तकाची वीट होते. वह्या बाहेर फेकणाऱ्या दुकानदाराच्या पोरालाही पुस्तकं बाहेर काढताना हात जड होतात. ग्रंथालय नंतर परत सुरू झालं. कसं झालं हे ज्यांनी केलं त्यांनीच कधीतरी सविस्तर लिहावं.

सरकारने घरटी दहा हजारांची तातडीची मदत जाहीर केली, मोठं पॅकेजही आलं. पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यांत एक वाक्य हमखास असायचं, 'चिपळूणकरांच्या जिद्दीला सलाम.' दोन-तीनदा ऐकल्यावर मला त्या सलामाची चीड यायला लागली. जिद्द आहे म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं का? आणि खरं सांगायचं तर थोडी चीड माझी मलाही येत होती. आम्ही येणार, फावडं मारणार, फोटो काढणार, भावुक होऊन पुण्याला परतणार. नदीतला गाळ तिथेच. नदी गाळाने भरली आहे हे २००५ पासून गावातलं पोरही सांगत होतं.

पण या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. चिखल काढून झाल्यावर गावातली माणसं घरी बसली नाहीत. चिपळूण बचाव समिती उभी राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं. मागणी साधी होती. वाशिष्ठीचा आणि शिवनदीचा गाळ काढा. निळ्या आणि लाल पूररेषेवरून रागही होता, कारण रेघ अशी पडली की गावाचा मोठा भाग तिच्या आत. म्हणजे नदी साफ करायची नाही आणि घर बांधायलाही द्यायचं नाही. रोज वेगवेगळी माणसं उपोषणाला बसायची. व्यापारी, रिक्षावाले, वकील, घरच्या बायका. अण्णाही एक दिवस बसले, वय अठ्ठ्याहत्तर. भावाने नको म्हटलं तर म्हणाले, 'मला फावडं उचलत नाही आता. बसता तर येतं.'

जानेवारी २०२२ मध्ये नदीत यंत्रं उतरली. जलसंपदा खात्याची उतरली आणि नाम फाउंडेशनही मदतीला आलं. मी फेब्रुवारीत गेलो तेव्हा अण्णा मला मुद्दाम पुलावर घेऊन गेले. खाली पोकलेन चालू होतं, डंपर भरत होते. आम्ही दोघं कठड्याला टेकून तासभर ते बघत उभे होतो. आमच्यासारखी आणखी वीस-पंचवीस माणसं होती. कुणी क्रिकेटची मॅच बघावी तसं सगळे गाळ बघत होते.

परतताना अण्णांनी दुकानाच्या माळ्यावरून एक फावडं काढायला सांगितलं. २००५ साली ती पोरं गडबडीत टेम्पोत चढली तेव्हा एक फावडं आमच्याकडेच राहिलं होतं. दांड्यावर रंगाने गावाचं नाव घातलेलं. अण्णांनी ते परत करायचं म्हणून ठेवलं, आणि रोजच्या धबडग्यात राहून गेलं. २०२१ ला माळाही बुडाला, पण फावडं तिथेच अडकून राहिलं. आमच्या दुकानातला पहिला चिखल आम्ही त्यानेच काढला.

दांड्यावरचा रंग आता उडालाय. शेवटचं अक्षर 'ली' असावं असं भाऊ म्हणतो, अण्णा म्हणतात 'ळी'. गुहागर तालुक्याची गावांची यादी काढून आम्ही तिघांनी एकदा बसून पाहिली. 'ली' आणि 'ळी'ची गावं बरीच निघाली. येत्या मे महिन्यात भाऊ आणि मी मोटरसायकलवरून जाणार आहोत. अण्णांनी फावड्याला तेल लावून ठेवलंय.